हिरवा हायड्रोजन आणि खजुरीचा झाडू

मी गाव सोडलं त्या सकाळी आबा ड्युटीवर होते. आबा म्हणजे माझे वडील. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती, पण त्यांनी मागितलीच नाही. "गाडी मन्हा पंखाखालतूनच जास ना, मग सुट्टी कसाले?" साक्री तालुक्यातल्या आमच्या पठारावर पवनचक्कीला सगळे पंखाच म्हणतात, आणि आबा त्यातल्या एका पंख्याचे वॉचमन होते. काळी-पिवळी जीप पंख्यापाशी थांबली. माय मला धुळ्यापर्यंत सोडायला निघाली होती, मांडीवर माझी बॅग घेऊन. बॅगेत कळण्याच्या भाकरीचं पीठ, बिबड्यांचे पापड आणि लसणाची चटणी. वजन जास्त झालं तर विमानवाले फेकून देतात असं मी म्हटलं, तर म्हणाली, "फेकोत त्या. मी देसूच." आबा खुर्चीवरून उठून आले, जीपच्या खिडकीतून हात घालून माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "तथा जाईसन वॉचमन व्हवू नको." तिकडे जाऊन वॉचमन होऊ नकोस, एवढंच. मग परत जाऊन बसले, कारण साहेबांची गाडी यायची वेळ झाली होती.

तुम्ही जे गावातच राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे सुरतेला, पुण्याला, मस्कतला निघून गेलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. राहिलेल्यांना वाटतं, गेलेले सुटले. गेलेल्यांना वाटतं, राहिलेले सुखात आहेत. मी दोन्हीकडे राहून पाहिलंय, म्हणून मला बोलायचा हक्क आहे असं समजते. नसला तरी बोलणारच आहे.

आबांच्या त्या एका वाक्यामागे बारा वर्षं होती. पंखे आले तेव्हा गावात पेढे वाटले होते. रस्ता झाला, लांबलचक ट्रेलर आले, त्यावरची पाती बघायला आमची शाळा सुटली होती. मग पंखे फिरायला लागले आणि गावाच्या वाट्याला काय आलं, तर शिट्टी आणि काठी. पंख्याच्या बुंध्याला एक लोखंडी दार असतं, आत शिडी आणि पॅनल. आबांनी बारा वर्षं त्या दाराची राखण केली आणि बारा वर्षांत एकदाही ते आतून पाहिलं नाही. इंजिनियर बाहेरून यायचे, कुलूप काढायचे, आत जायचे, डबासुद्धा आपल्या गाडीतच खायचे. मी आठवीत असताना एकदा डोकावले, तर एक जण म्हणाला, "ए, बाजूला हो." आबा त्याला काही बोलले नाहीत. मला त्या माणसाचा राग आला आणि आबांचा त्याहून जास्त. घरी जेवताना मात्र म्हणाले, "वारा आपला शे, करंट लोकेसना शे."

त्या रागावरच मी शिकले. धुळ्याच्या पॉलिटेक्निकमधून इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला, मग जळगावच्या एमआयडीसीत पाइपाच्या कारखान्यात चार वर्षं गेज तपासले. गल्फची मुलाखत पास झाले तेव्हा नातेवाइकांनी मायचं डोकं खाल्लं. पोरीला एवढ्या लांब, वाळवंटात, आणि तेही गॅसच्या कारखान्यात पाठवता? आमच्या आत्याने तर तोंडावर सांगितलं की लग्नाच्या बाजारात आता माझं काही खरं नाही. ती अजून तेच म्हणते आणि मी अजून तिच्याकडे जाऊन चहा पिते.

ओमानच्या किनाऱ्यावर पोहोचले आणि मला हसूच आलं. पुढे समुद्र होता, पण मागे बघावं तर उघडंबोडकं पठार, पठारावर पंखे, खाली सोलरच्या रांगा आणि डोळ्यांत धूळ घालणारा तोच वारा. एवढा खर्च करून विमानाने साक्रीतच उतरवलं की काय, असं वाटलं.

काम काय होतं ते सांगते, कारण गावातल्या निम्म्या लोकांना अजून वाटतं की मी तिकडे सिलिंडर भरायचे. वाऱ्याची आणि उन्हाची वीज घ्यायची. समुद्राचं खारं पाणी गोडं करून त्यात ती वीज सोडायची, की पाण्यातला हायड्रोजन वेगळा होतो. कोळसा नाही, धूर नाही, म्हणून त्याला हिरवा म्हणायचं. नुसता हायड्रोजन बोटीतून नेणं फार जिकिरीचं, म्हणून त्याचा अमोनिया करायचा आणि तो जहाजात भरून परदेशी पाठवायचा. तिथले कारखाने त्यावर पोलाद बनवणार, खत बनवणार, बोटी चालवणार. आमचा प्लांट छोटा, चाचणीचा होता. तो नीट चालला तर शेजारी मोठा उभा राहणार होता.

पहिल्याच महिन्यात बाजारात गेले, तर दुकानात आपल्या जळगाव जिल्ह्यातली केळी. खोक्यावरचं गावाचं नाव वाचून मला भरून आलं, दुकानदाराला वाटलं मला भाव परवडत नाही. नंतर खोलीवर बसून विचार केला. चोपड्याकडचा शेतकरी वर्षभर बाग जपतो, हिरवे घड कापून देतो. ते इथे गोदामात पिकतात, आणि पिकवणारा-विकणारा मोठा होतो. हायड्रोजनचंही तेच होणार. ऊन-वारा इथला, आणि त्यावरचे कारखाने दुसरीकडे.

हा विचार काही मला एकटीलाच सुचला नव्हता. प्लांटला लागून कोळ्यांचं एक गाव होतं आणि त्या गावात सगळे ज्यांचं ऐकायचे असे एक म्हातारे होते, बोटीचे जुने कप्तान, नाखवा सालिम. कंपनीने गावकऱ्यांची सभा घेतली तेव्हा ते उठले आणि अरबीत दोन वाक्यं बोलले. त्यांची नात मरियम शेजारी होती, तिने भाषांतर केलं. "आजोबा विचारतात, आमच्या पोरांना काय मिळणार? गेटवरची खुर्ची?" आमचे मॅनेजर युरोपातले, माणूस सभ्य. ते म्हणाले, सुरक्षा, साफसफाई आणि वाहतूक या कामांत स्थानिकांना प्राधान्य राहील. मी मागे उभी होते. माझे कान तापले. समुद्र ओलांडून आले आणि पंखेवाल्यांनी आमच्या गावाला ऐकवलेलं तेच वाक्य, फक्त इंग्रजीत.

कंपनीने त्या गावातल्या सहा मुला-मुलींना प्रशिक्षणार्थी म्हणून घेतलं होतं. मरियम त्यातलीच, केमिकल इंजिनियरिंग शिकलेली. तिचं हिंदी टीव्हीवरच्या मालिका बघून झालेलं, त्यामुळे साधं वाक्यसुद्धा ती सासूसारखं बोलायची. हे सहा जण माझ्या हाताखाली शिकायला दिले. पण ज्या पॅनलवरून सगळा प्लांट चालतो, त्या पॅनलवर बाहेरून आणलेली कंत्राटी मंडळी बसणार हे ठरल्यातच जमा होतं. त्या मंडळींत मीही होते. माझ्याबरोबरचा एक जण मला म्हणालासुद्धा, शिकव, पण बेताने शिकव, आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस? मी त्याला म्हटलं, तू तुझे पाय सांभाळ.

तर झाडूची गोष्ट. हायड्रोजन पेटला तर त्याची ज्योत भर उन्हात दिसत नाही. धूर नाही, पिवळा जाळ नाही. माणूस चालत चालत आगीत जाऊ शकतो. त्यासाठी सेन्सर असतात, कॅमेरे असतात. पण या धंद्यातल्या जुन्या लोकांची एक रीत आहे. संशय असेल तिथे लांब दांड्याचा झाडू पुढे धरून चालायचं. काड्या पेटल्या की समजायचं, इथे आग आहे. मी तिथल्या बाजारातून खजुरीच्या पानांचा झाडू आणला, बांबूला बांधला आणि सहाही जणांना तो धरून चालायला शिकवलं. एकदा माल घेणाऱ्या देशाचे पाहुणे आले होते. हेल्मेट, चष्मा, बूट घालून हातात झाडू घेतलेली मी समोरून आले, तर त्यातल्या एका बाईंनी मला कॉफी सांडलेली जागा दाखवली. मी आधी कॉफी पुसली, मग तासभर त्यांना प्लांट समजावून सांगितला. बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

चाचणी संपत आली तेव्हा मॅनेजरनी मला बोलावलं. मोठा प्लांट आला तर शिफ्ट इन्चार्जचं पद, पाच वर्षांचा करार, राहायला घर, आई-वडिलांना आणायची सोय. पॅनलवर कंत्राटी लोक ठेवायचे की स्थानिक, हे चाचणीच्या अहवालावर ठरणार होतं. खोटं कशाला बोलू, मला ते पद हवं होतं. फार हवं होतं. डोळ्यांसमोर आबा त्या घराच्या गच्चीत बसलेले दिसायला लागले, पाठीमागे पंखे आणि राखण करायला काहीही नाही. पण मी आत बसले की मरियम बाहेर राहणार, हेही मला कळत होतं. मी दोन्ही गोष्टी मनात ठेवून कामाला जात राहिले.

गावकऱ्यांना प्लांट दाखवायचा दिवस होता. दुपारचं ऊन. पाहुण्यांसाठी पिवळी साखळी लावून वेगळी वाट केली होती. मी आणि मरियम पलीकडे कॉम्प्रेसरजवळ फिरत होतो, कारण तिथला एक सेन्सर दुरुस्तीला काढला होता. झाडू माझ्या हातात. इतक्यात समोरून नाखवा सालिम. साखळीखालून वाकून, घोळका मागे सोडून, हात उंचावून सलाम करत सरळ माझ्याकडे येत होते. आणि माझा झाडू नेमका त्यांच्या तोंडावर रोखलेला.

आता हे तुम्हालाच कळेल, तिकडे कुणाला कळलं नाही. "मोठा मानूसले झाडू दखाडू नही," हे मायने मला किती वेळा ऐकवलंय आणि त्यासाठी किती वेळा पाठीत धपाटा घातलाय. हात आपोआप मागे गेला. झाडू पाठीशी, दुसरा हात छातीशी, आणि म्हाताऱ्या माणसाने पुढे यायला नको म्हणून मीच दोन पावलं पुढे टाकली. तिसरं पाऊल पडायच्या आत मरियमने मागून माझा पट्टा धरून असं ओढलं की मी पाठीवर पडले. तिने आजोबांवर अरबीत आवाज चढवला, ते जागच्या जागी थांबले. मग लाल बटण दाबलं, वॉकीटॉकीवर कंट्रोल रूमला कुठली लाइन बंद करायची ते सांगितलं, आणि माझ्या हातातला झाडू घेऊन पुढे धरला. मी जिथे पोहोचणार होते त्याच्या हातभर पुढे, मोकळ्या हवेत, काड्या धडाधड पेटल्या. पाइपावरचा रंग फुगून काळा पडत होता, तो तिने पाहिला होता. मी पाहिला नव्हता.

कुणाला काही झालं नाही. लाइन बंद झाली, आग विझली. पाहुण्यांना त्या बाजूला कसं जाऊ दिलं यावर मॅनेजरनी स्वतःची चूक लगेच मान्य केली. पण अहवालाच्या कच्च्या मसुद्यात त्यांनी लिहिलं होतं की अनुभवी तंत्रज्ञाने धोका ओळखला आणि प्रशिक्षणार्थीने मदत केली. मुद्दाम नाही, त्यांना तसंच वाटलं होतं. सही तेवढी माझी हवी होती. मरियमला विचारलं, तर म्हणाली, "ताई, तुम्हाला जे लिहायचं ते लिहा. मी काही बोलणार नाही." रागावली असती तर बरं झालं असतं. मी तो कागद घेऊन कॅन्टीनमध्ये बसले. सही केली की आबांची गच्ची पक्की. मायला फोन लावला आणि सगळं सांगितलं, पदाचंही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चूक मानी ले. मोकळी व्हशी." मागून आबांचा आवाज आला, "ती पोरले खुर्ची भेटाले पाहिजे." फोन स्पीकरवर होता हे मला तेव्हा कळलं. मी तिथे, चार लोकांदेखत, रडले.

अहवाल मी पुन्हा लिहिला. झाडू मी खाली घेतला, का घेतला, आणि ओळखलं कुणी, सगळं. मॅनेजरनी वाचून चष्मा काढला. "तुम्ही शिष्टाचार म्हणून झाडू मागे घेतलात?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, हे असं गेलं तर शिफ्ट इन्चार्जचं पद तुम्हाला देता येणार नाही. मी म्हटलं, मला ठाऊक आहे. आणि तुम्ही सहा महिने म्हणताय ना की स्थानिक मुलं अजून तयार नाहीत, तर त्याचंही उत्तर याच कागदात आहे. माझा आवाज चढला होता. चढू दे म्हटलं, आता गमवायचं काय राहिलं होतं?

त्यानंतर बाहेरच्या तपासनीसांनी सहाही जणांची परीक्षा घेतली. प्लांट बंद करायला लावला, चालू करायला लावला, मध्येच खोटे अलार्म वाजवले. सगळेच्या सगळे पास झाले. पॅनल गावाकडे गेलं. आणि मग नाखवांनाही जोर आला. मोठ्या प्लांटसाठी गावाने अट घातली की थोडा अमोनिया इथेच ठेवून खताचा कारखाना काढायचा, गोड्या पाण्याची एक लाइन गावाला द्यायची. भांडून भांडून दोन्ही लिहून घेतलं. आमच्या छोट्या प्लांटमधून पहिलं जहाज भरलं तेव्हा खुर्चीवर मरियम होती आणि मी तिच्या मागे हाताची घडी घालून उभी होते. तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही. शिकवणाऱ्याला याहून मोठं बक्षीस नसतं, मी सांगते तुम्हाला. जहाजाचा भोंगा वाजला तेव्हा ती म्हणाली, "ताई, आता तरी काहीतरी बोला." मी तिच्या पाठीवर थाप मारली.

माझा करार संपला आणि मी परत आले. आत्या म्हणाली, हात हलवत आली. खरं होतं. पण महिनाभरात मी शिकले त्याच पॉलिटेक्निकने मला शिकवायला बोलावलं, कारण धुळ्याजवळ सोलर पार्कला जोडून हायड्रोजनचा एक लहान प्लांट होऊ घातला होता. त्या कंपनीचा माणूस आमच्याकडे आला आणि म्हणाला, सुरक्षा आणि साफसफाईच्या कामांत स्थानिकांना प्राधान्य देऊ. या खेपेला मला राग आला नाही, हसू आलं. मी त्याला पाणी दिलं, बसवलं आणि म्हटलं, भाऊ, तुमचा प्लांट उभा राहायला अजून वेळ आहे. तोवर आम्ही पॅनलवर बसणारी माणसं तयार करतो. परीक्षा तुम्ही घ्या, कितीही अवघड घ्या. नापास झाली तर आम्ही मुकाट साफसफाई करू. ती पास होणार नाहीत असं समजून तो हो म्हणाला.

शेवटच्या पंधरा दिवसांच्या शिकवणीसाठी मी मरियमला बोलावलं. ती आता शिफ्ट इन्चार्ज आहे, सुट्टी काढून आली. आमच्या घरी राहिली, शेवभाजी खाऊन डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा मागून घेतली. मायला तिचं हिंदी कळत नाही, तिला मायची अहिराणी कळत नाही, तरी दोघी ओट्यावर बसून तासन्‌तास काय बोलायच्या देव जाणे. पूर्वी तिकडे असताना मला वाटायचं, घर म्हणजे साक्री, आणि इकडे सुट्टीवर आले की वाटायचं, आपली खोली तिकडे, आपलं काम तिकडे. दोन्हीकडे मी पाहुणीच होते. आता तसं होत नाही. मी जिला शिकवलं ती माझ्या भागातल्या पोरापोरींना शिकवते आहे, हे मागच्या बाकावर बसून बघताना मला पहिल्यांदा वाटलं की आपण घरात बसलोय. घर म्हणजे जिथे आपल्याला आत घेतात ते, असं मी लहानपणापासून समजत होते. आता म्हणते, जिथे आपण दुसऱ्याला आत घेऊ शकतो ते घर. असं घर माझं त्या किनाऱ्यावर आहे आणि इथेही आहे.

परवा कंपनीच्या परीक्षेचा निकाल होता. आई-बापांनाही बोलावलं होतं. कंपनीचा तोच माणूस पास झालेल्यांची यादी घेऊन आला, आणि मी म्हटलं, वाचू दे मरियमलाच. तिने आपल्या उच्चारात एकेक नाव आणि गाव वाचलं. पहूर. जामनेर. चोपडा. शिरपूर. जळगाव. ज्याचं नाव येईल तो उठून "हजर" म्हणत होता. सहावं नाव आमच्याच गावचं निघालं, आबांच्या शेजारच्या पंख्यावर वॉचमन असलेल्या तुकाराम नानांची मुलगी. ती उभी राहिली, पण तिला रडू आवरेना, तोंडून शब्दच निघेना. मरियमने नाव पुन्हा वाचलं. सगळा वर्ग तिच्याकडे बघत थांबला. तेव्हा शेवटच्या बाकावरून आबा उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हजर शे."